खोऱ्याची खोली

सातारा जिल्ह्याचा पश्चिमेकडचा बराचसा भाग मुंबईत आहे असं मी म्हटलं की ऑफिसातली मंडळी हसतात. त्यांचा सातारा म्हणजे महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कासची फुलं आणि कंदी पेढे. त्यात खोटं काही नाही. पण जावळी आणि पाटण तालुक्यांतली गावं कोणत्या क्रमानं लागतात, कुठल्या ओढ्याला कुठली वाडी, कुणाचा शिवार कुणाला भिडतो, हे सगळं मी घोडपदेव, काळाचौकी, लालबाग, करी रोड या पट्ट्यात शिकले. एका चाळीत तळमजल्याला बामणोलीकडच्या गावाची खोली, तिच्या वर कांदाटी खोऱ्यातली, समोरच्या इमारतीत मेढ्याच्या आसपासच्या दोन-तीन. नाका ओलांडला की पाटण तालुका सुरू व्हायचा: ढेबेवाडी, तारळे, मोरगिरी. गावाकडं ज्यांची सोयरीक, त्यांच्या खोल्या इकडं शेजारी. गावाकडं ज्यांचं बांधावरून भांडण, ते इकडं नळावर एकमेकांशी बोलायचे नाहीत.

आमच्या गावाची खोली घोडपदेवला, दुसऱ्या मजल्यावर. गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढं येईल. दहा बाय बाराची ती खोली, आणि गिरण्या भरात होत्या तेव्हा तिच्यात पंचवीस-तीस माणसं राहायची. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच पथारीवर आडवा व्हायचा, त्यामुळे पथारी कधी गार पडायची नाही. भिंतीला वरपर्यंत फळ्या मारलेल्या, फळ्यांवर पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येक ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं नाव. एकाच नावाचे तीन जण असले तर नावाखाली वाडी: वरची, मधली, खालची. खिळा ज्याचा त्याचा. एक मोठा टोप आणि एक कळशी मात्र गावाची, तिच्यावर गावाचं नाव कोरलेलं; ती कुणी गहाण टाकू शकत नव्हतं. एक वही होती. तिच्यात दरमहा वर्गणी, उशिरा देणाऱ्याचा दंड, दारू पिऊन आलेल्याचा दंड, आणि मयताच्या घरी पाठवलेले पैसे. भाडेपावती एका म्हाताऱ्याच्या नावावर होती. पावती कुणाच्या तरी नावावर फाटावी लागते म्हणून त्याच्या, इतकंच. खोली गावाची, हे इतकं उघड होतं की कुणी कधी लिहून ठेवलं नाही.

बायकांना आत जायची मुभा नव्हती. तशी ताकीद कुणी दिलेली नव्हती, पण जायचं कुठं? आत पाय ठेवायला जागा नसायची आणि निम्मी माणसं झोपलेली. मी दादांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, रविवारी जायची आणि उंबऱ्याशी गॅलरीत उभी राहायची. आम्ही तोवर वेगळ्या खोलीत राहायला गेलो होतो, आई मुंबईत आली होती, तरी दादांचा रविवार तिथलाच. उंबऱ्याबाहेर उभं राहून ऐकलेलं सगळं डोंगराबद्दल असायचं. कुणाच्या तरव्याला, म्हणजे भाताच्या रोपांना, पाणी मिळालं, कुणाचा बैल कड्यावरून गेला, वरच्या वाडीचा झरा यंदा कधी आटला. मुंबईबद्दल ती माणसं फारसं बोलायचीच नाहीत.

ही सगळी माणसं तिथं का आली, याचं घरोघरी एकच उत्तर मिळायचं: गावाकडं काय हाय? मला हे उत्तर लहानपणी पटायचं नाही, कारण मे महिन्यात गावी गेलं की तिथं सगळंच दिसायचं. करवंदं, जांभळं, फणस, पाण्याचा एवढा मोठा जलाशय, पलीकडं हिरवा वासोटा किल्ला. पुढं भूगोल वाचला तेव्हा कळलं की त्या जागेची अडचण पाऊस गरजेपेक्षा जास्त असण्याची आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात, पूर्वेला माण तालुक्यात, तो जेमतेम पाचशेच्या आसपास. दोन्हींमधलं अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. ढग अरबी समुद्रावरून येतात, सह्याद्रीच्या धारेवर रिकामे होतात आणि माणदेशात पोचेपर्यंत त्यांच्यात काही उरत नाही. म्हणून माणचा माणूस दुष्काळानं बाहेर पडला आणि जावळीचा अतिवृष्टीनं. मुंबईच्या एकाच धान्यबाजारात दोघं शेजारी शेजारी गोणी उचलायचे.

अतिवृष्टीनं माणूस कसा बाहेर पडतो, ते डोंगर जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. इथल्या डोंगरांचे माथे सपाट, जांभ्या दगडाचे. त्याला आम्ही सडा म्हणतो. जांभा सच्छिद्र. चार महिने कोसळणारा पाऊस तो पितो, आणि खाली काळा कातळ लागला की ते पाणी पुढं जात नाही, बाजूला फुटतं. जिथं फुटतं तिथं झरा. झरा तिथं वाडी. आमच्याकडच्या वाड्या डोंगराच्या मधोमध एका रेषेत का दिसतात याचं कोडं एवढंच आहे. वर सड्यावर धनगरवाडे, मध्ये झऱ्याच्या रेषेवर आमच्या वाड्या, आणि खाली नदीकाठी भाताची खाचरं. सड्यावर माती वीतभर, तिच्यात सप्टेंबरात फुलं येतात आणि पुण्यामुंबईच्या गाड्या येतात. पीक येत नाही. उतारावर नाचणी आणि वरी. ती दोन-तीन वर्षं घेतली की माती वाहून जाते आणि तो तुकडा पडीक ठेवावा लागतो. खरं पोट भरायचं ते खालच्या खाचरांवर.

ती खाचरं कोयनेत गेली.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर अशी सरळ दक्षिणेला धावते. हेळवाकजवळ ती काटकोनात पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. हा असा दोन डोंगररांगांमधला लांबलचक, अरुंद चर इंजिनिअरच्या डोळ्यात भरणारच. हेळवाकच्या वळणाशी धरण घातलं की मागं उत्तरेला पन्नासएक किलोमीटर पाणी साठतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते साठलं. शिवसागर हे नाव त्याला नंतर मिळालं. आजीच्या तोंडी शेवटपर्यंत ते नुसतं 'पाणी' होतं. नदीकाठची गावं उठली. काही घरं रायगडात गेली, काही ठाण्यात, काही थेट सोलापूर-सांगलीकडं, जिथं नाचणी कुणी खात नव्हतं आणि पाऊस बघायला मिळत नव्हता. आमच्यासारखी काही घरं वर सरकली, झऱ्याच्या रेषेवर असलेल्या वाडीत घुसली, आणि तिथं आधीच माणसं होती. वरची वाडी, मधली वाडी, खालची वाडी अशी नावं ट्रंकांवर होती ना, त्यातली खालची वाडी मी जन्मायच्या आधीच पाण्याखाली गेली होती. ट्रंकेवर ती टिकली.

उन्हाळ्यात पाणी उतरतं. मग जुन्या बांधांच्या रेघा वर येतात, देवळाचा चौथरा वर येतो, आणि गाळ सुकता सुकता माणसं त्यात काहीबाही पेरतात. गाळपेर म्हणतात त्याला. आजी स्वतःच्याच जुन्या खाचरात गाळपेर करायची. ती जमीन कागदोपत्री आता तिची नव्हती. पाऊस लवकर आला तर पीक पाण्यात, उशिरा आला तर चार पायल्या घरात. धरण भरलं की रेडिओवर सांगायचे, आता मोबाईलवर येतं, कोयना शंभर टीएमसीच्या, म्हणजे शंभर अब्ज घनफुटांच्या, वर. पूर्ण क्षमता १०५ टीएमसी. कऱ्हाड-सांगलीचे लोक ते ऐकून पुराच्या काळजीत पडतात, मुंबईतले लोक ऐकतच नाहीत, आणि आमच्या गावात एप्रिलमध्ये बायका डोक्यावर हंडा घेऊन आटलेल्या झऱ्याशी वाटीवाटीनं पाणी भरतात. खाली डोळ्यांपुढं एवढं पाणी पसरलेलं, पण ते वर चढवायला वीज आणि पंप लागतो, आणि पंप बिघडलेला असतो. आजी म्हणायची, "पाणी लई हाय गं, पोटात जायाचं तेवढं न्हाय."

आणि ते पाणी जातं कुठं? जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेचं देऊळ आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री अशा पाच नद्या तिथं एकत्र निघतात अशी श्रद्धा. त्यातली सावित्री तेवढी पश्चिमेला, पोलादपूर-महाडकडं उतरून समुद्राला मिळते. बाकीच्यांनी पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडं जायचं. माणसानं कोयनेचं मन वळवलं. धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला नेलं, चारशे मीटरहून जास्त उंचीवरून पोफळीला खाली सोडलं आणि वीज केली. कृष्णेच्या पाण्याच्या लवादानं त्यासाठी साडेसदुसष्ट टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायला मान्यता दिली. टप्प्याटप्प्यानं प्रकल्प वाढत १९६० मेगावॅटला पोचला. १९९९ ला आणि २०१२ ला जलाशयाच्या तळाशी स्फोट करून पाणी बोगद्यात घेतलं तेव्हा वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर चित्रं होती. वीज करून झालेलं पाणी वाशिष्ठीत पडतं, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जातं आणि तिथून समुद्रात.

माझे पणजोबा याच खाडीतून मुंबईला आले होते. घरात सांगत आलेत ते असं: दिवाळी झाली की गावातली पाच-सहा पोरं भाकरी बांधून डोंगर ओलांडायची, खेडला उतरायची, तिथून पडावानं दाभोळ आणि दाभोळहून आगबोट. धरण व्हायच्या कितीतरी आधी. म्हणजे पाणी ज्या वाटेनं पुढं नेलं, ती वाट माणसांनी आधीच पाडलेली होती. दादांना मी हे एकदा कागदावर काढून दाखवलं तर त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाले, "माणसांस्नी बोगदा लागला न्हाई, एवढाच फरक."

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे साडेचारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला. दीडशेहून जास्त माणसं गेली, कोयनानगर जवळजवळ झोपलं. हादरा मुंबईतही जाणवला. घोडपदेवच्या खोलीत फळ्यांवरच्या ट्रंका वाजल्या असं सांगणारे दोघं-तिघं मी पाहिलेत. सकाळ झाली तरी गावाची बातमी कळेना. मग वही उघडून ज्यांच्या घरी म्हातारीकोतारी एकटी आहेत त्यांची नावं काढली, आणि दोघांना वर्गणीतून भाडं देऊन एसटीनं पाठवलं. आमच्या गावात भिंती पडल्या, माणसं वाचली. दोघं परत आले तेव्हा त्यांच्याकडं प्रत्येक घराचा निरोप होता, आणि बहुतेक निरोप एकच होता की पैसे पाठवा.

पैसे पाठवा म्हणणाऱ्या त्या बायका होत्या. जावळी आणि पाटण हे तालुके जनगणनेत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त भरणारे. कुणी अभ्यासू माणूस हे आकडे पाहून खूश होईल. आकड्यांच्या मागं एवढंच आहे की पुरुष मोजणीच्या वेळी मुंबईत होते. नांगर सोडून शेतातलं एकही काम आजीनं सोडलं नव्हतं, आणि नांगरही भाऊबंदांतल्या कुणाची मनधरणी करून ती वेळेत फिरवून घ्यायची. तरवा टाकणं, चिखलणी, लावण, इरलं पाठीवर घेऊन दिवसभर वाकलेलं. पाऊस इतका की चुलीपाशी टांगलेल्या कपड्यांना आषाढभर धुराचा वास. रात्री रानडुकरं. पुढं कोयना अभयारण्य झालं, गवे वाढले, अस्वलाची भीती वाढली, आणि उतारावरची नाचणी हळूहळू कुणी पेरेनासं झालं. २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. वाघ आमच्यापैकी कुणी पाहिला नाही. गवा मात्र माझ्या चुलतभावानं परसात, तुळशीपाशी पाहिला. शहरातल्या माझ्या मित्रांना जंगल परत येतंय याचा आनंद होतो आणि मला त्यांचं म्हणणं मान्यही आहे. फक्त ते जंगल कुणाच्या भाकरीवरून परत येतंय, हे त्यांनी एकदा विचारावं असं वाटतं.

दादा गिरणीत गेले नाहीत. आजोबांनी साचाखात्यात फुप्फुसं घालवली होती, म्हणून दादांना त्यांनी मशीद बंदरला, दाणाबाजारात चिकटवलं. टोळीत जवळजवळ सगळे खोऱ्यातले. मेहुणा, मावसभाऊ, शेजारच्या वाडीचा. शंभर किलोची गोणी पाठीवर घेऊन फळीवरून चढायचं आणि थप्पी लावायची. फळी हलते, वरची थप्पी डोक्याच्या वर गेलेली, मागचा माणूस तुमच्या टाचेवर. दादांच्या मानेमागं, दोन खांद्यांच्या मध्ये, लिंबाएवढी गाठ होती. ती कठीण होती आणि दुखत नव्हती. लहानपणी मी तिला बोट लावायची तर ते म्हणायचे, तिथं गोणी बसती. रात्री आई त्यांच्या पाठीला तेल लावताना त्या गाठीवरून अंगठा फिरवून पुढं जायची, जशी ती जन्मापासूनच तिथं असावी.

या लोकांना माणसासारखं मोजलं गेलं ते १९६९ च्या माथाडी कायद्यानं. त्याआधी मुकादम देईल ती मजुरी, आजारी पडलात तर गावाला जा. कायद्यानं मंडळं नेमली, हमालीचे पैसे व्यापाऱ्यानं मंडळात भरायचे, वर लेव्ही भरायची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी. असंघटित मजुरांसाठी असा कायदा देशात दुसरीकडं फारसा नव्हता. त्यामागं अण्णासाहेब पाटील होते, पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, म्हणजे त्याच डोंगरातले. आमच्या घरात देवांच्या फळीवर नव्हे पण तिच्या बरोबर खाली त्यांचा फोटो होता. गोणी पुढं पन्नास किलोवर आली ती याच झगड्यातून. दादांच्या मानेला तोवर उशीर झाला होता.

१९८२ साल घोडपदेव-लालबागमधल्या सातारकरांना अजून चुकत नाही. जानेवारीत, १८ तारखेला, गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. मार्चच्या २२ ला अण्णासाहेबांनी मराठा आरक्षणासाठी मोर्चा नेला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःवर गोळी झाडून घेतली. दोन महिन्यांच्या अंतरात खोऱ्याचे दोन्ही खांब गेले. खोलीतल्या निम्म्या ट्रंका त्या पावसाळ्यात गावी गेल्या. संप कधी मागं घेतलाच गेला नाही, त्यामुळे संपला कधी हेही कुणाला सांगता येत नाही. माणसं वाट पाहता पाहता वॉचमन झाली, भाजीच्या गाडीवर उभी राहिली, काही नुसती गावाकडं ओट्यावर बसली. माथाड्यांची पोटं चालू राहिली, म्हणून दादांच्या पगारातून त्या काळात तीन घरं चालायची. आई त्यावर कधी काही बोलली नाही, पण त्या काळाचा विषय निघाला की तिचा आवाज अजून चढतो. याच सुमारास बाजारही हलू लागले. कांदा-बटाटा आधी, मागाहून धान्य, फळं, भाजी, असे एकेक करत वाशी-तुर्भ्याला गेले, आणि त्यांच्यामागं माथाडी कोपरखैरणे, घणसोलीला. दोन ठिकाणचा आमचा जिल्हा तिसऱ्या ठिकाणी पसरला. आता दर २५ सप्टेंबरला, अण्णासाहेबांच्या जयंतीला, नवी मुंबईत मेळावा भरतो, मंत्री येतात, मागण्या वाचल्या जातात. गर्दीत कानावर पडणारी बोली अजून जावळी-पाटणचीच असते.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सहाशेच्या जवळपास मिलिमीटर पाऊस झाला. त्याच रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आले. मी वर झऱ्याच्या रेषेचं सांगितलं. जांभ्यातून उतरलेलं पाणी जिथं बाहेर फुटतं तिथंच माती भिजून सुटते. माणसानं पाण्यासाठी निवडलेली जागा आणि दरड सुटायची जागा शेजारी शेजारी असतात, कधी एकच असतात. पिढ्यान् पिढ्या हे चाललं, कारण असा एका रात्रीतला पाऊस पिढ्यान् पिढ्या आला नव्हता, किंवा आला तेव्हा वर झाडं होती, रस्त्यासाठी कुणी उतार कापलेला नव्हता. मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही. पण आमच्या गावच्या वरच्या वाडीमागं जमिनीला भेग पडली आहे आणि ती आता हात जाईल इतकी रुंद आहे, हे मी पाहिलेलं आहे. पावसाळ्यात रात्री त्या वाडीतली माणसं शाळेत झोपायला येतात. सरकारदरबारी पुनर्वसनाचा विषय चालू आहे. पुनर्वसन हा शब्द आमच्या गावात साठ वर्षांत दुसऱ्यांदा आला, म्हणून म्हातारी माणसं तो ऐकून गप्प बसतात आणि तरुण पोरं गुंठ्याचा भाव विचारतात.

भाव विचारण्यासारखी परिस्थितीही आहे. याच डोंगरांवर 'नवीन महाबळेश्वर' उभं करायचा बेत आहे, सातारा, जावळी, पाटण तालुक्यांतली दोनशेहून जास्त गावं त्यात येतात. जलाशयाकाठी रिसॉर्ट उगवलेत. ज्या सड्याकडं पिकत नाही म्हणून कुणी ढुंकून पाहत नव्हतं, तिथून पाणी छान दिसतं म्हणून त्याला गिऱ्हाईक आहे. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या येऊन जमाना झाला. डोंगर पाण्यातून वीज देतो, वाऱ्यातून वीज देतो, आता नजाऱ्यातून पैसे देणार. देऊ दे. मी विरोधात आहे असंही नाही. माझा चुलतभाऊ बामणोलीला बोटीवर काम करतो आणि त्याला मुंबईला यावं लागलं नाही, ही आमच्या घराण्यातली पहिलीच वेळ. मला भीती वाटते ती जमिनी मुंबईत विकल्या जातील याची. सातबाऱ्यावर नावं मुंबईकरांची आहेत, आणि गावात राहणाऱ्या बायकांना बातमी कुंपण पडल्यावर कळेल.

मालकी कुणाची हा प्रश्न मुंबईच्या टोकालाही आलाच. घोडपदेवची चाळ पाडून तिथं नवी इमारत होणार आहे. बीडीडी चाळींत पाचशे चौरस फुटांची घरं मिळाली हे पेपरात आल्यापासून गिरणगावातल्या प्रत्येक जुन्या खोलीला डोळे फुटलेत. आमच्या खोलीत आता रोज झोपणारं कुणी नाही. परीक्षेला आलेली पोरं, टाटा रुग्णालयात तपासणीला आलेलं कुणी, एवढंच. पण नव्या इमारतीत एक घर मिळणार, आणि ते भाडेपावतीवर ज्याचं नाव त्याला. तो म्हातारा जाऊन वर्षं झाली. त्याचे नातू म्हणतात, खोली आमच्या आजोबांची. गाव म्हणतं, आजोबांची नुसती पावती. कोर्टाच्या भाषेत नातवांचं बरोबर ठरेल, अशी माझी समजूत आहे. आणि त्यांना लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही: बाप संपात गेला, कुटुंब ठाण्याजवळच्या दिव्यात भाड्यानं, समोर कोटभराचं घर. सत्तर वर्षांच्या वहीत शेकडो माणसांची वर्गणी लिहिलेली आहे, वहीवर कुणाचा शिक्का नाही. वाद चालू आहे म्हणून गावाचं नाव लिहिलं नाही.

गेल्या बैठकीला मी गेले होते. बैठक कोपरखैरण्याला, माथाडी वसाहतीतल्या एका सभागृहात, कारण निम्मे सभासद आता तिकडंच. दादा नाहीत, त्यांच्या जागी मी. वारलेल्या सभासदांच्या बायकामुलींना पहिल्यांदाच बोलावलं होतं, बहुतेक कोरम भरावा म्हणून. नातवांशी तडजोड करावी, निम्मं घर त्यांना, निम्म्याचे पैसे गावाला, इथवर गाडी आली होती. मग पैशांचं काय करायचं? एक म्हणाला देवळाचा कळस. एक म्हणाला वरच्या वाडीच्या रस्त्याला संरक्षक भिंत. एक जण बांधकाम करणारा आहे, त्यालाही भिंतच हवी होती.

मागच्या रांगेत माझी एक चुलती बसली होती. सत्तरी ओलांडलेली, नवरा गिरणीत, स्वतः आयुष्यभर गावात. आता मुलाकडं घणसोलीला. ती उठली आणि म्हणाली, पैसं नगो, खोलीच घ्या. गावातनं आता मुंबैला येतंय कोण? पोरीच येत्यात. एक नर्सिंगला हाय, दोघी पोलीस भरतीला धावत्यात, एक त्या हाटेलाच्या कॉलेजात. त्या कुठं ऱ्हात्यात ठावं हाय का तुम्हास्नी? खोली पोरींना द्या.

सभागृहात थोडी कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, पोरींची जबाबदारी कोण घेणार. कुणीतरी म्हणालं, गावाच्या खोलीत बायका हा पायंडा नाही. अध्यक्ष म्हणाले, सूचना चांगली आहे, विचार करू. ही त्यांची नाही म्हणायची पद्धत आहे हे सगळ्यांना माहीत आहे. सचिवानं वहीत विषय क्रमांक एकपुढं 'चर्चा झाली' लिहिलं आणि विषय क्रमांक दोन घेतला: यात्रेची वर्गणी. यात्रा मे महिन्यात, पोरांच्या सुट्टीत, म्हणजे मुंबईकरांना सोयीची. त्यावर कुणाचं दुमत नव्हतं. कमावत्या माणसामागं दोन हजार ठरलं आणि पावतीपुस्तक बाहेर आलं.

चुलती अजून उभीच होती. पिशवीतनं नोटांची सुरळी काढून तिनं सचिवापुढं ठेवली. "ही चौघींची वर्गणी. माझ्या नावानं फाडू नगंस, त्यांच्या त्यांच्या नावानं चार पावत्या कर," ती म्हणाली. "नावं सांगती, ल्ही."